दोन्ही केबल एक मीटरच्याच होत्या

मागच्या महिन्यात एका एफएम ट्रान्समीटरमागे माझे तीन दिवस गेले आणि शेवटी गडबड निघाली ती एका चांगल्या केबलमुळे. चांगली म्हणजे खरंच चांगली, कनेक्टर घट्ट, लॉस कमी, मल्टिमीटर लावला तर एकदम ओके. हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय कारण आरएफच्या (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) कामात नवीन आलेली मुलं-मुली गेन (सिग्नल किती पटीने वाढतो), वॅट, डीबी (ताकदीचं प्रमाण मोजायचं एकक) यांच्यामागे लागतात, फेजकडे, म्हणजे सिग्नलची लहर वेळेत किती पुढे-मागे आहे त्याकडे, मात्र कोणी बघत नाही, आणि मीसुद्धा त्या तीन दिवसांतले पहिले दोन तसेच घालवले.

आमचं वर्कशॉप अंधेरी एमआयडीसीत आहे. मी कल्याणहून येते, घाटकोपरपर्यंत फास्ट, मग मेट्रो, चकाला. वर्कशॉपमध्ये माझ्यावर एकच सीनियर आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) ट्रान्समीटर ट्यून केलेत आणि अजूनही मशीनमध्ये हात घालण्याआधी डंप लोडला (तो काय ते पुढे सांगते) हात जवळ नेऊन बघतात किती गरम आहे ते.

तर मशीन असं होतं. ड्रायव्हरचा, म्हणजे आधीच्या छोट्या अँप्लिफायरचा, सिग्नल स्प्लिटरमध्ये दोन भागांत वाटला जातो, दोन केबलमधून दोन मॉड्यूलना जातो, प्रत्येक मॉड्यूल म्हणजे ३०० वॅटचा अँप्लिफायर, आणि त्यांची आउटपुट हायब्रिड कंबायनरमध्ये परत एकत्र येतात. कंबायनरला चार तोंडं असतात, दोन मॉड्यूलसाठी, एक अँटेनासाठी, आणि चौथ्यावर हीटसिंकवर बसवलेला ५० ओमचा मोठा रेझिस्टर, तोच डंप लोड. दोन्हीकडचे सिग्नल बरोबर जुळून आले तर सगळी पॉवर अँटेनाकडे जाते आणि डंप लोड थंड राहतो, जुळले नाहीत तर जेवढं जुळलं नाही तेवढं डंपमध्ये जाऊन नुसती उष्णता होते. ९० डिग्रीच्या हायब्रिडमध्ये स्प्लिटर एका बाजूला मुद्दाम ९० डिग्री उशीर देतो (लहरीचा एक पूर्ण फेरा म्हणजे ३६० डिग्री) आणि कंबायनर दुसऱ्या बाजूला तेवढाच देतो, म्हणजे शेवटी हिशोब बरोबर होतो, पण त्या मधल्या वाटेत दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात.

मशीन आलं होतं एका मॉड्यूलचा ट्रान्झिस्टर गेला म्हणून. तो बदलला, बायस (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) लावला, दोन्ही मॉड्यूल एकेक करून डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) चालवली, दोघांचे ३०० वॅट आले. कंबायनरचा थोडा लॉस धरला तरी एकत्र ५९० च्या आसपास यायला पाहिजे. आले ५४५. आणि डंप लोड असा तापला की दहा मिनिटांत मी फॅन त्याच्याकडे वळवला.

माझा पहिला संशय अर्थातच नवीन ट्रान्झिस्टरवर. लॉट वेगळा, गेन वेगळा. मोजलं तर त्या मॉड्यूलचा गेन ०.८ डीबीने कमी निघाला आणि मला वाटलं झालं, सापडलं. मग दुसऱ्या मॉड्यूलच्या इनपुटला पॅड लावला. पॅड म्हणजे तीन रेझिस्टरचं छोटं जाळं, १ डीबीचा पाय पॅड करायचा तर मध्ये साधारण ५.८ ओम आणि दोन्ही बाजूंना ८७० ओम जमिनीला. इथे एक गोष्ट सांगते, आरएफमध्ये स्ट्रेंग्थ कमी करायला ऑडिओसारखा नुसता पॉट (फिरवायचा रेझिस्टर) लावून चालत नाही, कारण पॉट फिरवला की ५० ओमचा मॅच बिघडतो, म्हणजे दोन्हीकडचे ओम जुळत नाहीत, सिग्नल मागे परततो आणि फेज पण हलतो. पॅडने स्ट्रेंग्थ उतरते पण दोन्ही बाजूंनी ५० ओमच दिसतात. तर पॅड लावला, बायस थोडा हलवला, दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या. एकत्र आउटपुट ५४६.

एक वॅट. दिवसभराच्या कामाचा एक वॅट.

संध्याकाळी काकांनी डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने दोन बाण काढून दाखवले. एक बाण म्हणजे एका मॉड्यूलचा सिग्नल, लांबी म्हणजे ताकद, दिशा म्हणजे फेज. दुसरा बाण पहिल्याच्या टोकापासून पुढे काढायचा, आणि सुरुवातीपासून शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे बेरीज. म्हणाले, "एक बाण थोडा आखूड कर बघू, बेरीज किती कमी होते?" केला, काहीच फरक पडल्यासारखं दिसेना. "आता तो आखूड नको करू, वाकडा कर." वाकडा केला तर सुरुवातीला तिथेही फार फरक नाही, पण जसा जास्त वाकवत गेले तसं अंतर भराभर आटायला लागलं.

घरी जाताना ट्रेनमध्ये मोबाईलवर हिशोब केला. दोन्ही बाजूंची ताकद सारखी असेल आणि फेजमध्ये फरक असेल तर अँटेनाला जाणारा हिस्सा म्हणजे त्या फरकाच्या अर्ध्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग, बस एवढंच सूत्र आहे. १० डिग्रीचा फरक असला तर ०.८ टक्के पण जात नाही, म्हणजे ६०० वॅटमधले साडेचार वॅट. ३० डिग्रीला पावणेसात टक्के, चाळीस वॅट. ६० डिग्रीला सरळ पाव हिस्सा, १५० वॅट डंपमध्ये. आणि ९० ला अर्धी पॉवर. उलट ताकदीत १ डीबीचा फरक असला तर एक टक्क्याचा एक तृतीयांश जातो, ६०० मध्ये २ वॅट. पूर्ण ३ डीबीचा फरक म्हणजे एक मॉड्यूल दुसऱ्याच्या निम्मंच देतंय, तरीही तीन टक्क्यांच्या आतच नुकसान. म्हणजे मी दिवसभर जी गोष्ट सारखी करत बसले होते तिचा इथे फारसा संबंधच नव्हता, आणि जी बघितलीच नाही तिथे तीस-पस्तीस डिग्री बसलेले होते.

अजून एक आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एक मॉड्यूल पूर्ण बंद पडलं तर ६०० चे ३०० होत नाहीत, १५० होतात, कारण उरलेल्या मॉड्यूलची अर्धी पॉवर डंपमध्ये जाते. म्हणून डंप लोड निवडताना तो १५० वॅट सतत खाऊ शकेल असाच घ्यावा, नाहीतर रात्री मॉड्यूल जातं आणि सकाळपर्यंत डंप पण गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी मॉड्यूल अदलाबदल करून बघितली, वरचं खाली, खालचं वर. डंप तेवढाच गरम, आकडा तोच. त्यावरून मी ठरवलं की मॉड्यूलमध्ये दोष नाही, आणि निष्कर्ष जरी बरोबर निघाला तरी त्यामागचा विचार चुकीचा होता, हे काकांनी लगेच पकडलं. दोष मॉड्यूलमध्ये असता तरी अदलाबदल केल्यावर फेजच्या फरकाचं अधिक तीस-पस्तीस डिग्रीचं वजा तीस-पस्तीस झालं असतं, आणि कोसाइनला अधिक काय आणि वजा काय, उत्तर सारखंच येतं. म्हणजे ही टेस्ट काहीच सांगत नाही.

टेस्ट अशी करायची की एका बाजूला मुद्दाम थोडा उशीर घालायचा आणि डंप कुठे जातो ते बघायचं. माझ्याकडे दहा सेंटीमीटरचा छोटा जंपर होता, सॉलिड पॉलिथिनच्या केबलचा. या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या ६६ टक्के वेगाने जातो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला केबलच्या आत एक तरंगलांबी १.९८ मीटर, आणि त्याचे ३६० भाग केले की एक डिग्री म्हणजे साडेपाच मिलिमीटर. दहा सेंटीमीटर म्हणजे १८ डिग्री. वरच्या मॉड्यूलच्या इनपुटला जंपर जोडला तर डंप ४५ वॅटवरून शंभराच्या वर गेला, झटकन बंद केलं. तोच जंपर खालच्या मॉड्यूलच्या वाटेत घातला आणि डंप उतरला, ९ वॅट. मीटरचा काटा खाली येताना बघून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हणजे खालच्या वाटेत सिग्नल लवकर पोचत होता.

पण का? दोन्ही केबल मी आधीच टेपने मोजल्या होत्या. कनेक्टरच्या टोकापासून टोकापर्यंत एक मीटर, एक मीटर, पाच मिलिमीटरचाही फरक नाही.

आता इथे कल्याणबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. आमच्या कल्याणला १९६५ मध्ये रेडिओ टेलिस्कोप उभा होता हे कल्याणच्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप टीआयएफआरला (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले आणि त्यांच्या टीमने ऑस्ट्रेलियातून, सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या अँटेनांमधून मिळालेल्या ३२ डिश कल्याणला रांगेत बसवल्या, प्रत्येक जेमतेम सहा फुटी, आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य बघितला. त्यानंतर उटीचा टेलिस्कोप, आणि मग नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिशची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण. पण सुरुवात आमच्याकडे. ३२ डिशचे सिग्नल एकत्र करायचे म्हणजे ३२ वाटांचे फेज जुळवायचे, माझ्या दोन वाटा तर काहीच नाहीत. आणि स्वरूपांनी त्याआधीच, स्टॅनफर्डला असताना, के. एस. यांग यांच्याबरोबर १९६१ मध्ये हेच काम करायची एक पद्धत काढली होती, की सिग्नल मध्यापासून अँटेनापर्यंत पाठवायचा, तिथून तो परत फिरवायचा, आणि जाऊन-येऊन किती फेज लागला ते एकाच ठिकाणी बसून मोजायचं. लांबच्या टोकाला दुसरं मीटर घेऊन उभं राहायची गरज नाही, आणि दोनदा प्रवास झाल्यामुळे फरक पण दुप्पट दिसतो.

काका म्हणाले तसंच कर. रॅकमधून केबल पूर्ण काढायची पण गरज नाही, फक्त मॉड्यूलकडचं टोक उघडं सोडायचं, तिथून सिग्नल आपोआप परततो, आणि स्प्लिटरकडच्या टोकाला छोटा नॅनोव्हीएनए (सिग्नलची ताकद आणि फेज मोजणारं हातात मावणारं मीटर) लावून परत आलेल्या सिग्नलचा फेज वाचायचा. कॅलिब्रेशन केलं, वरची केबल लावली, लिहून घेतलं, खालची लावली, लिहून घेतलं. फरक ६४ डिग्री. जाऊन-येऊन ६४ म्हणजे एका दिशेला ३२. सूत्रात ३२ घातले तर ५९० चे ५४५ होतात, अगदी मीटरवर दिसत होते तेच.

मग खालच्या केबलचा कनेक्टर कापला. आतलं इन्सुलेशन नखाने दाबलं तर दबलं, पांढरं, मऊ, थर्माकोलपेक्षा थोडं घट्ट. फोम. वरच्या केबलचं तसंच दाबलं तर नखाची खूणसुद्धा उमटेना, सॉलिड पॉलिथिन. साईटवर कधीतरी कोणीतरी जुनी केबल खराब झाली म्हणून काढून टाकली होती आणि चांगल्या मनाने कमी लॉसची, महाग, फोमवाली केबल बसवली होती, माप घेऊन, नीट, अगदी एक मीटर. पण फोममध्ये बरीच हवा असते म्हणून सिग्नल जास्त वेगाने जातो, या केबलमध्ये प्रकाशाच्या साधारण ८० टक्के. सॉलिड केबलचा एक मीटर म्हणजे १८२ डिग्री आणि या फोमचा एक मीटर म्हणजे १५० डिग्री. टेपला दोन्ही सारख्या, सिग्नलला नाहीत.

यावर दोन उपाय होते. फोमची केबल साधारण २१ सेंटीमीटरने लांब करायची किंवा दोन्ही केबल एकाच जातीच्या करायच्या. मी पहिला सुचवला कारण लगेच झाला असता. काका नको म्हणाले, आणि त्यांचं कारण मला फार पटलं. उद्या पुढचा माणूस रॅक उघडेल, एक केबल लांब आणि एक आखूड बघेल, आणि चूक समजून सारखी करून टाकेल. शिवाय दोन जातींच्या केबल तापल्यावर सारख्या वागत नाहीत. तर मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले, एकाच रिळातून दोन तुकडे घेतले, दोन्ही कापताना एकत्र धरून कापले, कनेक्टर लावले, मोजले, दोन डिग्रीचा फरक राहिला तो तसाच ठेवला. चालू केलं. ५९१ वॅट. डंप लोडवर हात ठेवता आला.

दोन डिग्री तशाच ठेवल्या याचं ज्यांना वाईट वाटेल त्यांनी वरचं सूत्र परत बघा, बेरजेत दोन डिग्रीने काहीही होत नाही. पण हेच वाक्य वजाबाकीत म्हणता येत नाही, आणि हे मला त्यानंतरच्या शनिवारी कळलं.

झालं असं की बाणांचं ते चित्र डोक्यातून जाईना, आणि मी फीडफॉरवर्डचा एक छोटा सर्किट लावून बघायचं ठरवलं, काही मिलिवॅटचा, नुसता डमी लोडवर. कल्पना सोपी आहे. अँप्लिफायरच्या आउटपुटचं थोडं सॅम्पल घ्यायचं, त्यातून मूळ स्वच्छ सिग्नल वजा करायचा, जे उरेल ते म्हणजे अँप्लिफायरने स्वतः घातलेलं डिस्टॉर्शन (सिग्नलमधली बिघाडाची भर), मग ते वेगळ्या छोट्या अँप्लिफायरने वाढवून मुख्य आउटपुटमधून वजा करायचं. दोन वजाबाक्या. आणि वजाबाकी होण्यासाठी दोन सिग्नल ताकदीने अगदी सारखे आणि फेजने बरोबर १८० डिग्री उलटे पाहिजेत.

चलनावरचं चित्र इथे उलटं धरायचं. दोन बाण एकमेकांवर ठेवायचे आणि त्यांच्या टोकांमध्ये जे अंतर राहील ते म्हणजे न पुसलेला सिग्नल. बेरजेत बाण दहा डिग्री वाकला तर लांबी जवळपास तेवढीच राहते, पण इथे तो दहा डिग्री वाकला की टोक लगेच बाजूला सरकतं आणि ते सगळं अंतर शिल्लक म्हणून दिसतं. ताकदीत १ डीबी आणि फेजमध्ये १० डिग्री चूक असेल तर सिग्नल फक्त १३ डीबीने खाली जातो. ३० डीबी पाहिजे असेल तर चूक ०.२ डीबी आणि सव्वा डिग्रीच्या आसपास ठेवायला लागते. ०.१ डीबी आणि १ डिग्रीपर्यंत आणलं तर ३३-३४ डीबी मिळतात. जो १ डीबी परवा दोन वॅटांचा होता तोच इथे सगळा खेळ बिघडवतो.

आणि दोन नॉब स्वतंत्र नसतात ही खरी डोकेदुखी. माझ्या फेज शिफ्टरमध्ये व्हॅरॅक्टर डायोड आहेत, व्होल्टेज बदललं की त्यांची कपॅसिटन्स बदलते आणि फेज सरकतो, पण त्याबरोबर लॉसही थोडा बदलतो. म्हणजे फेज लावला की ताकद बिघडते, ताकद लावली की फेज सरकतो, मग परत फेज, परत ताकद, प्रत्येक फेरीला शिल्लक सिग्नलचा खड्डा थोडा खोल. अँप्लिफायरचा बायस हलवला तर दोन्ही एकदम हलतात. म्हणून हे काम घाईने होत नाही, आणि थंड मशीनवर तर करूच नये, आधी नेहमीच्या पॉवरवर अर्धा तास चालवून तापवून घ्यावं आणि मगच नॉबला हात लावावा.

मी २९ डीबीपर्यंत आणलं होतं. स्पेक्ट्रमवर तो उंच काटा हळूहळू खाली बसत गेला, मी श्वास रोखून पॉट अर्धा मिलिमीटर फिरवत होते. मग दुपारी दोनला ऑफिसवाल्यांनी जाताना एसी बंद केला आणि वीस मिनिटांत २९ चे २१ झाले. कुठेही हात लावला नव्हता.

अमेरिकन इंजिनीअर हॅरोल्ड ब्लॅकबद्दल वाचलं होतं ते तेव्हा समजलं. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत देणं) त्यांना १९२७ मध्ये हडसन नदीवर कामाला जाताना फेरीबोटीत सुचला ही गोष्ट सगळ्यांना सांगतात, पण त्याच्या चार वर्षं आधी, १९२३ मध्ये, त्यांनी हेच फीडफॉरवर्ड करून बघितलं होतं आणि ते चाललंही होतं. अडचण ही की व्हॉल्व्हचा फिलामेंट करंट दर तासाला कोणीतरी परत लावायला लागायचा, दिवसरात्र, आणि तेवढ्याने पण त्यांना हवा होता तितका गेन अचूक राहात नव्हता. त्यांच्या व्हॉल्व्हची जी तक्रार तीच माझ्या बंद पडलेल्या एसीची. मोठ्या अँप्लिफायरमध्ये म्हणूनच हे नॉब माणूस फिरवत नाही, शिल्लक किती उरली ते सर्किट स्वतः मोजत राहतं आणि फेज व ताकद दोन्ही सतत हलवत राहतं. मला पण आता तेच करून बघायचंय, व्हेक्टर मॉड्युलेटर लावून, ज्यात सिग्नलचे ९० डिग्रीवरचे दोन तुकडे करून प्रत्येकाची ताकद वेगळी बदलतात, म्हणजे फेज आणि ताकद एकमेकांत अडकत नाहीत आणि दोन आकड्यांनी बाणाचं टोक हवं तिथे नेता येतं.

तोपर्यंत रॅकच्या कामात एक सवय लावून घेतलीय. केबल बनवली की त्यावर पांढरी टेप गुंडाळून मार्करने सेंटीमीटर न लिहिता डिग्री लिहिते. पहिल्या दोन केबलवर नुसतं १८२ लिहिलं होतं. काकांनी टेप फिरवून बघितली आणि म्हणाले, "खाली फ्रिक्वेन्सी लिही गं, ९० मेगाहर्ट्झच्या मशीनला कोणी ही लावली तर तिथे १८२ नाहीये." बरोबर आहे, तिथे ती १६४ होते. दोन्ही टेप काढून परत लिहिल्या.